घटक ६ : भिंत, चित्र आणि गाव – सातारा-सांगली परिसरातील भित्तिचित्रे व सार्वजनिक कला

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• भित्तिचित्र आणि सार्वजनिक कला या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• सातारा-सांगली परिसरातील भित्तिचित्रांच्या परंपरेचे टप्पे सांगता येतील.
• गावाच्या किंवा बाजारपेठेच्या पुनरुज्जीवनात भित्तिचित्रे केव्हा उपयोगी पडतात आणि केव्हा पडत नाहीत, याची कारणमीमांसा करता येईल.
• आपल्या परिसरातील एखाद्या भित्तिचित्राचे निकषांच्या आधारे परीक्षण करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण लोककला आणि लोकजीवन यांचा संबंध पाहिला. या घटकात आपण रोज जिच्या शेजारून जातो, पण जिच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून सहसा पाहत नाही, त्या भिंतीचा विचार करणार आहोत.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील बहुतेक शहरांच्या भिंती रंगल्या आहेत. शाळेचे कुंपण, बसस्थानक, पुलाचे खांब, नगरपालिकेची इमारत अशा ठिकाणी झाडे, पक्षी, किल्ले, थोर पुरुष आणि स्वच्छतेचे संदेश दिसतात. जुन्या पेठा ओस पडू लागल्या, ग्राहक शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांकडे वळला, तेव्हा जुन्या भागाला पुन्हा उजळा देण्याचा एक उपाय म्हणूनही भित्तिचित्रांकडे पाहिले जाते. मात्र भिंत रंगविल्याने गाव खरोखरच उभे राहते का? दोन पावसाळ्यांत ज्या चित्राचे पोपडे निघतात, त्याने काय साधले? हा प्रश्न सौंदर्याचा आहे, तसाच तो सार्वजनिक पैशाचाही आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे फार सोयीचे आहेत. पेशवेकालीन वाड्यांतील चित्रांपासून पुस्तकांच्या गावातील रंगविलेल्या घरांपर्यंतचा सुमारे अडीचशे वर्षांचा पट येथे कृष्णाकाठच्या एकाच पट्ट्यात पाहता येतो. या पटातून एक सूत्र हाती लागते : भित्तिचित्र टिकते ते त्याची राखण करणारा कोणी असेल तर, किंवा ते पुन्हा पुन्हा काढण्याची रीत असेल तर. हे सूत्र आपण टप्प्याटप्प्याने तपासून पाहू.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ संज्ञा आणि तंत्र

भिंतीच्या पृष्ठभागावर थेट काढलेले चित्र म्हणजे भित्तिचित्र. कागदावरील किंवा कापडावरील चित्र एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते. भित्तिचित्राचे तसे नाही. भिंतीचे जे होईल तेच चित्राचे होते. भिंतीला ओल आली, लोणा लागला, तडा गेला की चित्रही त्याच गतीला जाते. म्हणून भित्तिचित्राचा अभ्यास हा नेहमी वास्तूचा आणि तिच्या मालकीचाही अभ्यास असतो.

तंत्राच्या दृष्टीने दोन पद्धती ध्यानात ठेवाव्यात. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग दिला, तर वाळताना रंग गिलाव्यात मुरून त्याचाच भाग बनतो. युरोपातील अनेक प्रसिद्ध भित्तिचित्रे या पद्धतीची आहेत. याउलट गिलावा पूर्ण वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालविलेले रंग दिले, तर रंगाचा थर पृष्ठभागावर बसतो. मराठेकालीन भित्तिचित्रे प्रामुख्याने या दुसऱ्या पद्धतीची मानली जातात. गेरू, पिवडी, नीळ, काजळी, चुना ही त्यांतील नेहमीची रंगद्रव्ये. या चित्रांत बारकावे साधता येतात. परंतु ओल चढली की रंग सुटू लागतो. आजची रस्त्यावरची चित्रे बहुधा सिमेंटच्या भिंतीवर ॲक्रिलिक किंवा ऑइल पेंटने काढलेली असतात. रंग बदलले, तरी ओल हा शत्रू तोच राहिला आहे.

सार्वजनिक कला ही संज्ञा याहून व्यापक आहे. कोणालाही तिकीट, निमंत्रण किंवा परवानगी न लागता पाहता येईल अशा जागी असलेली कलाकृती ती सार्वजनिक कला. पुतळे, शिल्पे, चौकातील कमानी आणि भित्तिचित्रे हे सर्व तिच्यात येतात. प्रत्येक भित्तिचित्र सार्वजनिक असतेच असे नाही, हे पुढील भागावरून स्पष्ट होईल.

६.२.२ वाड्यातील भिंत : मेणवली, वाई, सातारा

वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. त्याच्या पाठीमागे नदीवर प्रशस्त घाट आणि मंदिरे आहेत. वाड्याच्या भिंतींवर पौराणिक विषयांची चित्रे आजही काही प्रमाणात दिसतात. वाई परिसरात रास्ते घराण्याच्या मोतीबाग वाड्यातील भित्तिचित्रेही अभ्यासकांना परिचित आहेत. सातारच्या राजवाड्यातील चित्रांचा उल्लेखही याच परंपरेत केला जातो. गणपती, दशावतार, कृष्णलीला, रामायण-महाभारतातील प्रसंग आणि दरबारी जीवनातील दृश्ये हे या चित्रांचे नेहमीचे विषय होत. त्यांच्या शैलीत राजस्थानी आणि दख्खनी चित्रपरंपरांचे संस्कार दिसतात, तर माणसांच्या पगड्या, अंगरखे आणि लुगडी यांतून मराठी पेहरावाची ओळख पटते.

ही चित्रे कोणासाठी होती? ती वाड्याच्या दिवाणखान्यात, माजघरात, वरच्या मजल्यावरील दालनांत होती. घरची माणसे, पाहुणे आणि आश्रित एवढाच त्यांचा प्रेक्षक. बाजारात आलेल्या कुणब्याला ती दिसण्याचा संभव नव्हता. म्हणजे ही भित्तिचित्रे होती. सार्वजनिक कला नव्हती.

त्यांच्या ऱ्हासाचे कारणही येथेच सापडते. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. सरदार घराण्यांचे उत्पन्न आटले, वारसांत वाटण्या झाल्या, कुटुंबे पुण्या-मुंबईकडे गेली. कौले दरवर्षी शाकारणारा, भिंतीचा गिलावा दुरुस्त करणारा धनी उरला नाही, तेव्हा पावसाने आपले काम केले. चित्राचा आश्रयदाता गेला आणि त्याची जागा घ्यायला समाज पुढे आला नाही, कारण समाजाने ते चित्र कधी आपले म्हणून पाहिलेलेच नव्हते. आज अशा वास्तूंच्या जतनाची चर्चा होते, तेव्हा रंग आणि गिलावा यांच्याइतकाच हा तुटलेला संबंध जोडण्याचा प्रश्न असतो.

६.२.३ घरची भिंत : दरवर्षी नव्याने

वाड्याच्या भिंतीशेजारी एक साधी भिंतही होती : कुडाची, मातीची, शेणाने सारवलेली. तिच्यावरही चित्रे होती. नागपंचमीला भिंतीवर किंवा पाटावर नाग काढून पूजणे, लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गणपती, हत्ती, भालदार-चोपदार रंगविणे, चैत्रात अंगणात चैत्रांगण रेखणे या रीती आपल्यापैकी अनेकांनी घरी पाहिल्या असतील. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेले बत्तीस शिराळा हे गाव सांगली जिल्ह्यातीलच.

या चित्रांपैकी कोणतेही चित्र शंभर वर्षे जुने नाही. ते पुढच्या सारवणात पुसले जाते. तरीही ती परंपरा वाड्यातील चित्रांहून अधिक चिवट ठरली, कारण तिचे जतन वस्तूत नसून रीतीत आहे. सणवार आला की चित्र पुन्हा निघते. आईच्या हाताकडे पाहून मुलगी शिकते. येथे चित्रकार, मालक आणि प्रेक्षक एकाच घरातले असतात.

सूत्राच्या दोन्ही बाजू आता आपल्यासमोर आहेत. वाड्यातील चित्राला राखणदार हवा होता; तो गेला आणि चित्र झिजले. घरच्या चित्राला राखणदार लागत नव्हता, कारण ते दरवर्षी नव्याने जन्म घेत होते.

६.२.४ औंध : संग्रहाची दारे लोकांसाठी

वाड्यातील कला लोकांपर्यंत नेण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न औंध संस्थानात झाला. आजच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात औंध आहे. परंतु त्या संस्थानात आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडी आणि कुंडल या भागांचाही समावेश होता. भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे तेथील अधिपती स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३८ मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा यांचे ‘सैरंध्री’ हे चित्र आणि हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचे माता व बालक हे शिल्प तेथे पाहता येते.

संग्रहालय म्हणजे भित्तिचित्र नव्हे. तरी आपल्या विषयाशी त्याचा जवळचा संबंध आहे. राजवाड्यातील दालनांत राहिली असती ती कला यमाईच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूच्या वाटेवर आली. नेमक्या त्याच सुमारास, १९३९ मध्ये, बाळासाहेबांनी औंधच्या प्रजेला राज्यघटना देऊन कारभार लोकांकडे सोपविला. सत्ता आणि कला या दोन्ही गोष्टी दरबारातून बाहेर येण्याचा हा काळ एकच असावा, ही बाब लक्षणीय आहे. संस्थान विलीन झाल्यावरही संग्रहालय राहिले, कारण ते एका घराण्याच्या आश्रयावरून सार्वजनिक व्यवस्थेकडे गेले.

सांगलीच्या नाट्यपरंपरेतही असेच स्थित्यंतर दिसते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. पुढे दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, भावे यांची मंडळी मुंबईत तिकीट लावून प्रयोग करीत होती. राजाश्रय संपला तरी मराठी नाटक जगले, कारण त्याला तोवर लोकाश्रय मिळाला होता.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) मेणवलीच्या वाड्यातील चित्रांना सार्वजनिक कला का म्हणता येत नाही?
आ) नागपंचमीच्या चित्राचे जतन कशात आहे?

६.२.५ भिलार : भिंत आतल्या पुस्तकाची ओळख देते

आता वर्तमानकाळाकडे येऊ. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान भिलार हे स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून वाचकांसाठी खुले झाले. ब्रिटनमधील वेल्श सीमेवरच्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून ही कल्पना सुचली. राज्य मराठी विकास संस्थेने ती राबविली. सुरुवातीला गावातील २५ ठिकाणी सुमारे १५ हजार मराठी पुस्तके ठेवण्यात आली. ही ठिकाणे म्हणजे गावकऱ्यांची घरे, निवासस्थाने, शाळा, मंदिरे. कादंबरी, कविता, इतिहास, बालसाहित्य, लोकसाहित्य, चरित्र-आत्मचरित्र अशी विषयवार विभागणी केलेली होती. सुमारे ७५ कलावंतांनी या ठिकाणांच्या भिंती त्या त्या साहित्यप्रकाराला साजेशा चित्रांनी सजविल्या.

हे-ऑन-वाय आणि भिलार यांत एक मूलभूत फरक आहे. तेथे पुस्तके विकली जातात; भिलारमध्ये ती बसून वाचायची असतात. त्यामुळे येथील भित्तिचित्राला एक निश्चित काम मिळाले. रस्त्याने जाणाऱ्याला भिंत सांगते की आत कोणती पुस्तके आहेत. चित्र पाहून माणूस उंबरा ओलांडतो, ओसरीवर बसतो, पुस्तक उघडतो. शेजारीच न्याहारी किंवा मुक्कामाची सोय असेल, तर घराला चार पैसे मिळतात. भिंत, पुस्तक आणि घराचा चरितार्थ यांचा असा धागा जुळला, तर भिंतीची काळजी घेण्याचे कारण घरमालकाजवळ आपोआप तयार होते.

या प्रयोगाची कसोटी मात्र पावसाळ्यात लागते. महाबळेश्वर परिसर हा राज्यातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक. अशा ठिकाणी बाहेरच्या भिंतीवरील चित्र कायम राहील अशी अपेक्षाच धरता येत नाही. चित्र पुन्हा कोण काढणार, त्याचा खर्च कोण करणार आणि बाहेरून आलेले कलावंत परत गेल्यावर गावातले कोणी ते कौशल्य शिकले आहे का, हे प्रश्न योजनेच्या उद्घाटनाइतकेच महत्त्वाचे ठरतात. लग्नघराची भिंत रंगविणाऱ्या परंपरेकडून येथे शिकण्यासारखे आहे : दरवर्षी पाऊस उघडल्यावर, दिवाळीच्या रंगकामाबरोबर, गावातील शाळेच्या मुलांनी आणि स्थानिक पेंटरने मिळून चित्र नव्याने काढण्याची रीत पाडता येईल.

पुढे या योजनेच्या विस्तारात सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातील अंकलखोप या गावाचीही निवड झाली. अंकलखोपला लागूनच कृष्णाकाठचे औदुंबर हे दत्तक्षेत्र आहे. तेथे मकरसंक्रांतीच्या दिवशी साहित्य संमेलन भरण्याची परंपरा अनेक दशकांची आहे. याचा अर्थ असा की साहित्याची रीत तेथे योजनेच्या आधीपासूनच रुजलेली होती. अशा गावात भिंत नवा विषय आणत नाही, असलेल्या विषयाला चेहरा देते.

६.२.६ शहराची भिंत : पेठ, पूर आणि मोहीम

गाव लहान असते. घरमालक ओळखीचा असतो. शहरात प्रश्न अवघड होतो, कारण शहरातील सार्वजनिक भिंत सर्वांची असते आणि म्हणून पुष्कळदा कोणाचीच नसते.

२०१६ पासून सुरू झालेल्या ‘स्वच्छ सर्वेक्षण’ या स्पर्धेमुळे नगरपालिकांनी भिंती रंगविण्याची कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. सातारा जिल्ह्यातील कराडने २०२० च्या सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळविला, ही अभिमानाची गोष्ट होय. भिंत रंगविल्यावर तेथे कचरा टाकण्यास, थुंकण्यास किंवा जाहिरात चिकटविण्यास माणूस थोडा कचरतो, हा अनुभव अनेक ठिकाणी येतो. परवानगीशिवाय जाहिराती लावून मालमत्ता विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा कायदाही महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. तरीही मोहिमेतील चित्रांची एक मर्यादा असते. स्पर्धेची तारीख ठरलेली असते, काम निविदेने दिले जाते आणि विषय वरून येतात. परिणामी एका शहरातील भिंत दुसऱ्या शहरात नेऊन ठेवली तरी फरक पडू नये, अशी सारखी चित्रे सगळीकडे दिसतात. भिंतीवरील मराठीही घोषणांपुरती उरते आणि तीत शुद्धलेखनाच्या चुका असल्या तर त्या वर्षानुवर्षे हजारो मुलांच्या डोळ्यांसमोर राहतात.

याउलट शहराने स्वतःचा विषय निवडला तर काय होऊ शकते, याचा विचार सांगलीच्या उदाहरणाने करू. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला आलेल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणीपातळी ५७ फुटांवर गेली. तेथील इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे संकटाची तीव्रता कळते. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ हा शहराचा जुना व्यापारी भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ राहिली. ती रेघ म्हणजे नदीने शहराच्या भिंतीवर लिहिलेला मजकूर होता. घरे धुतली, रंग दिला, की तो मजकूर पुसला जातो आणि त्याबरोबर पाणी कुठवर येते याची आठवणही पुसट होते.

अशा पेठेत २००५ आणि २०१९ या वर्षांच्या पूररेषा चौकाचौकांत ठळकपणे रंगविल्या, त्यांच्याखाली वर्ष आणि उंची लिहिली, शेजारी त्या दिवसांत होडीतून माणसे काढणाऱ्यांची, माल वरच्या मजल्यावर चढविणाऱ्या हमालांची चित्रे काढली, तर ती सजावट राहणार नाही. ती सूचना होईल आणि स्मारकही. दुकान घेणारा नवा माणूस त्या रेघेकडे पाहून आपला माल किती उंचावर ठेवायचा ते ठरवील. हळदीच्या व्यापारासाठी देशभर नावाजलेल्या शहरात पोती वाहणारा हमाल, हळद निवडणारी बाई भिंतीवर का दिसू नये, हाही प्रश्न विचारला पाहिजे. थोर पुरुषांची चित्रे अवश्य असावीत. पण ज्यांच्या श्रमावर पेठ चालते त्यांना भिंतीवर जागा मिळाली, तर ते त्या भिंतीचे पहिले राखणदार होतील.

जगातील अनुभवही याच दिशेने बोट दाखवितात. मेक्सिकोत क्रांतीनंतर, १९२० च्या दशकात, दिएगो रिव्हेरा आदी चित्रकारांनी सरकारी इमारतींच्या भिंतींवर शेतकरी आणि कामगार यांचे जीवन रंगविले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९८४ मध्ये भिंती खराब करणाऱ्या तरुणांनाच चित्रकलेचे काम देणारा उपक्रम सुरू झाला; त्यातून पुढे हजारो भित्तिचित्रे तयार झाली. मुंबईत २०१७ मध्ये ससून डॉक या मासळीच्या धक्क्यावर झालेल्या कलाप्रकल्पात तेथील कोळी समाजाचे जीवन हा विषय घेतला गेला. या तिन्ही ठिकाणी ज्यांचा त्या जागेशी रोजचा संबंध, त्यांना चित्राच्या विषयात किंवा निर्मितीत स्थान होते.

एक धोकाही नोंदविला पाहिजे. एखादा भाग चित्रांमुळे प्रसिद्ध झाला की तेथील जागांचे भाडे वाढते आणि जुने छोटे दुकानदार बाहेर फेकले जातात, असे मोठ्या शहरांत दिसून आले आहे. पेठेचे पुनरुज्जीवन म्हणजे पेठेतील माणसांचे पुनरुज्जीवन. भिंती उजळल्या आणि माणसे गेली, तर त्याला पुनरुज्जीवन म्हणता येणार नाही.

६.२.७ परीक्षणाचे निकष

वरील विवेचनावरून कोणत्याही सार्वजनिक भित्तिचित्राविषयी पुढील प्रश्न विचारता येतात :

१. भिंत कोणाची आहे आणि चित्राची निगा कोण राखणार आहे?
२. विषय त्या जागेचा आहे का? तो कोणी निवडला?
३. चित्राला काही काम आहे का – माहिती देणे, स्मरण ठेवणे, आत बोलावणे?
४. ओल, ऊन, पाऊस, पूर यांचा विचार करून भिंतीची तयारी केली आहे का?
५. पुन्हा काढण्याची वेळ, खर्च आणि हात ठरलेले आहेत का?
६. भिंतीवरील भाषा शुद्ध, नेमकी आणि त्या गावची आहे का?

या सहा प्रश्नांपैकी पहिला आणि पाचवा हे निर्णायक आहेत. त्यांची उत्तरे नसतील, तर उत्तम चित्रही थोड्याच वर्षांत जीर्ण होते. ती असतील, तर साधे चित्रही पिढ्यान्‌पिढ्या गावाबरोबर राहते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) भिलारमधील भित्तिचित्रांना कोणते निश्चित काम आहे?
आ) मोहिमेतून काढलेल्या चित्रांची मर्यादा कोणती?

६.३ सारांश

सातारा-सांगली परिसरातील भित्तिचित्रांची वाटचाल वाड्याच्या दालनातून गावाच्या रस्त्यापर्यंत झालेली आहे. मेणवली-वाईची चित्रे आश्रयदात्यावर अवलंबून होती. तो गेल्यावर ती झिजली. घरच्या भिंतीवरील चित्रे रीतीमुळे टिकली. औंधच्या संग्रहालयाने कलेला सार्वजनिक व्यवस्थेचा आधार दिला. भिलारमध्ये चित्र, पुस्तक आणि घर यांचा संबंध जुळविण्याचा प्रयत्न झाला. शहरांतील मोहिमांनी भिंती उजळल्या. परंतु विषय आणि निगा यांचा प्रश्न तेथे शिल्लक आहे. सार्वजनिक चित्र काढणे हे कामाचे निम्मे अंग. त्याचा धनी ठरविणे हे उरलेले निम्मे.

६.४ पारिभाषिक शब्द

गिलावा : भिंतीवर दिलेला चुन्याचा, मातीचा किंवा सिमेंटचा थर.
लोणा : ओलीमुळे भिंतीवर येणारा क्षारांचा थर.
आश्रयदाता : कलावंताला किंवा कलेला आर्थिक व सामाजिक आधार देणारी व्यक्ती.
पूररेषा : पुराचे पाणी जेथवर पोहोचते ती पातळी दर्शविणारी रेषा.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. अ) ती खासगी दालनांत होती, सर्वसामान्यांना पाहता येत नव्हती. आ) दरवर्षी ते नव्याने काढण्याच्या रीतीत.
२. अ) आत कोणत्या विषयाची पुस्तके आहेत हे वाचकाला सांगणे. आ) विषय वरून ठरतात, वेळेचे बंधन असते आणि नंतरच्या निगेची जबाबदारी निश्चित नसते.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘भित्तिचित्राचा अभ्यास हा वास्तूच्या मालकीचाही अभ्यास असतो’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. राजाश्रय आणि लोकाश्रय यांची तुलना भित्तिचित्रे व नाटक यांच्या आधारे करा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील किंवा पेठेतील एका रंगविलेल्या भिंतीची निवड करा. तिच्याजवळच्या किमान तीन व्यक्तींशी – उदाहरणार्थ दुकानदार, शिक्षक, सफाई कामगार – बोला. चित्र कोणी काढले, केव्हा काढले, ते त्यांना आवडते का आणि ते पुसट झाले तर कोण पुन्हा काढील, हे विचारा. मिळालेली माहिती ६.२.७ मधील निकषांनुसार मांडून दोन पानांचा अहवाल तयार करा आणि तो संपर्कसत्रात सादर करा.